बुटक्या केलेल्या ट्रकला मागे कोणते शॉक? : सॅन होजेतील एका सिल्व्हरॅडोचा प्रकरण अभ्यास

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ संध्याकाळी गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर एका दुकानाच्या खरेदीयादीत मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीच्या, शॉकअब्सॉर्बरची महाग जोडी आधीच भरलेली होती आणि माझ्याकडून त्यांना हवा होता तो केवळ होकार. त्यांचा ट्रक मागून ठोकत होता, चौदा महिन्यांत शॉकची दुसरी जोडी तेल गाळू लागली होती, आणि आता स्वस्तातली चूक पुन्हा न करता एकदाच चांगला माल घालून मोकळे व्हावे, असा त्यांचा हिशोब होता. अमेरिकेत येण्यापूर्वी काही वर्षे मी चाकणला कमानी आणि शॉक यांच्याच कामात घालवली असल्यामुळे गल्लीतल्या गाड्यांची दुखणी माझ्याकडे येतात. मी त्यांना एवढेच म्हटले की यादी दोन आठवडे तशीच राहू द्या, आधी गाडीखाली जाऊन मोजू. त्या दोन आठवड्यांत जे आढळले आणि त्यावरून जे भाग निवडले, त्याची ही नोंद आहे.

ट्रक २००२ सालचा शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५००, एकाच ओळीच्या केबिनचा, आखूड हौद्याचा आणि फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा. आधीच्या मालकाने तो एका कार्यशाळेतून पुढे ४ आणि मागे ६ इंच खाली घेतला होता. सध्याच्या मालकांना त्याचे हे रूप मनापासून आवडते. शनिवार-रविवारी ते लोकांच्या अंगणांतील गवत कापण्याची कामे घेतात आणि त्यासाठी हौद्यात एक यंत्र, इंधनाचे डबे आणि हत्यारे मिळून सुमारे ४०० पौंड भार असतो. म्हणजे हा ट्रक केवळ प्रदर्शनात उभा राहणारा नव्हता, त्याला थोडेफार ओझे घेऊन रोज धावायचे होते. पुढची निवड या एका गोष्टीने जितकी ठरवली, तितकी दुसऱ्या कशानेही ठरवली नाही.

मागची बाजू ६ इंच खाली कशी आली, हे आधी समजून घ्यायला हवे. या ट्रकला मागे पाट्यांच्या कमानी, म्हणजे लीफ स्प्रिंग, आहेत. कारखान्यातून येताना कमान हौसिंगच्या वर बसलेली असते. हौसिंग म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, डिफरन्शियल पोटात घेतलेला आडवा भाग. बुटका करताना हौसिंग कमानीच्या खालून काढून वर बसवतात, त्यासाठी नवी बैठक आणि नवे यू-बोल्ट लागतात, आणि या सगळ्या संचाला येथे ‘फ्लिप किट’ म्हणतात. यात पाटे तेच राहतात, त्यांची कडकपणाची मात्रा तीच राहते आणि हौद्याचे वजनही तेच राहते. म्हणून ‘गाडी खाली घेतली की ती कडक होते’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य फ्लिप किटच्या बाबतीत नीटसे खरे नाही. पाटा पूर्वीइतकाच मऊ असतो. फक्त हौसिंग चासीच्या ६ इंच जवळ गेलेले असते आणि पाट्याला दबण्यासाठी जी मोकळी जागा होती, ती बहुतेक संपलेली असते. आपल्याकडे महाराष्ट्रात मालवाहू गाड्यांचे मालक जादा भारासाठी कमानीत आणखी एखादा पाटा चढवून गाडी उंच आणि ताठ करतात; येथे सगळे उलट्या दिशेने चालले होते, परंतु गाडीखालचे गणित तेच होते.

पहिल्या दिवशी ट्रक सपाट काँक्रीटवर उभा करून, टाकी अर्धी भरलेली आणि हौदा रिकामा ठेवून मापे घेतली. हौसिंगच्या नळीचा माथा आणि चासीच्या दांड्याची खालची बाजू यांत फक्त २ इंच अंतर होते. मूळचा रबरी ठोकळा, ज्याला सगळे बंप स्टॉप म्हणतात, तो तेवढ्या जागेत मावणे शक्य नव्हते, म्हणून आधीच्या कार्यशाळेने तो चाकूने कापून पाऊण इंचाचा थुटका ठेवला होता. रबर आणि हौसिंग यांमध्ये उरले सव्वा इंच. मालकांचे म्हणणे असे की ठोका बसतो तो त्या थुटक्यावरच, आणि दिसायलाही तसेच दिसत होते. येथेच मी जवळजवळ फसलो होतो. कारण ते खरे मानले असते, तर चांगल्या दर्जाचा मऊ ठोकळा बसवून आणि जड शॉक घालून आम्ही समाधानाने घरी गेलो असतो.

खात्री करण्यासाठी मुलीच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा अर्ध्या इंचाचा गोळा करून तो थुटक्याच्या खाली, हौसिंगच्या माथ्यावर चिकटवला, आणि आम्ही दोघे ८८० क्रमांकाच्या महामार्गावरून दोन उतारमार्गांएवढे अंतर जाऊन आलो. तो रस्ता काँक्रीटच्या लाद्यांचा आहे. सांधा साधारण १५ फुटांवर धरला, तर ताशी ६० मैलांच्या वेगाला सेकंदाला जवळपास ६ ठोके मागच्या चाकांना बसतात. जाताना-येताना किमान पाच वेळा तो ओळखीचा, दात खटकन आपटावेत तसा आवाज झाला. परत येऊन पाहतो तर गोळ्याच्या माथ्यावर रबराचा ठसा होता खरा, पण गोळा दबून जेमतेम तीन अष्टमांश इंचाचा झाला होता. याचा अर्थ, हौसिंग वर येताना ठोकळ्यापासून तीन अष्टमांश इंच अलीकडेच कशाने तरी अडले होते. आवाज ठोकळ्याचा नव्हताच.

उरले फक्त शॉक. त्यांच्या सळईवर पत्र्याचे धूळआवरण असल्यामुळे बाहेरून काही कळत नव्हते, म्हणून ते काढून बाकावर घेतले. बसवलेल्या अवस्थेत दोन्ही डोळ्यांमधले, म्हणजे टोकांना बोल्ट घेणाऱ्या कड्यांमधले, अंतर १४ इंच होते. हाताने पूर्ण दाबल्यावर शॉक सव्वातेरा इंचांवर थांबत होता. म्हणजे दबण्यासाठी शिल्लक होती पाऊण इंच चाल. शॉक उभ्या रेषेशी सुमारे ३४ अंश कललेला असल्याने त्या पाऊण इंचाच्या बदल्यात हौसिंगला मिळत होते जेमतेम ०.९ इंच. सव्वा इंचातून ०.९ वजा केले, तर चिकणमातीच्या गोळ्याने सांगितलेलेच माप जवळपास येते. कारखान्याच्या उंचीला योग्य असलेले लांब शॉक कोणीतरी बुटक्या ट्रकला तसेच ठेवून दिले होते आणि प्रत्येक सांध्यावर शॉक स्वतःच बंप स्टॉपचे काम करत होता. त्याच्या तळाची झडप चेपली गेली होती आणि वरच्या डोळ्याचा रबरी बुश एका बाजूने चपटा झाला होता. दुसरी जोडी चौदा महिने टिकली, याचेच नवल करायला हवे होते. त्याच जागी आणखी महाग आणि मोनोट्यूब जोडी बसवली असती, तर तिचीही तीच गत झाली असती, कदाचित अधिक लवकर.

या शोधानंतर निवडीचा क्रम उलटला. शॉक ही पहिली खरेदी राहिली नाही, ती शेवटची झाली; आधी हौसिंगला वर-खाली किती चाल द्यायची ते ठरवायचे, मग ती चाल चासीत कोठून काढायची ते पाहायचे, मग वरची पकड कोठे न्यायची ते ठरवायचे, आणि या सगळ्यातून जी लांबी उरेल त्या लांबीचा शॉक शोधायचा. कारागिरांना हे माहीत नसते असे नाही. परंतु दुकानाच्या पानावर शॉक ‘४ ते ६ इंच खाली घेतलेल्या गाडीसाठी’ असा एका ओळीत मिळतो आणि ती ओळ वाचली की मोजपट्टी खिशातच राहते.

कमानीचा कडकपणा मोजण्याची आमची रीत घरगुती होती. येथे पाणी मृदू करण्याच्या यंत्रासाठी मिठाच्या ४० पौंडांच्या गोण्या मिळतात. अशा दहा गोण्या हौद्यात बरोबर हौसिंगच्या डोक्यावर रचल्या, ट्रक दोन-चार वेळा हलवून स्थिर होऊ दिला आणि मापले. मागची बाजू १ इंच बसली. दोन्ही बाजूंना मिळून ४०० पौंडांना १ इंच, म्हणजे प्रत्येक कमान इंचाला सुमारे २०० पौंड. लांब पल्ल्याच्या ट्रकांच्या थांब्यावरील काट्यावर मागच्या धुऱ्याचे वजन १,७५० पौंड भरले. त्यातून हौसिंग, चाके, ब्रेक आणि अर्ध्या कमानी यांचे मिळून ४५० पौंड अंदाजाने वगळले, की एकेका कमानीवर झेललेले वजन ६५० पौंड राहते आणि त्याने ती सव्वातीन इंच दबलेली असणार. यावरून मागच्या बाजूची नैसर्गिक झोक्याची गती सेकंदाला १.७ च्या आसपास निघते, जी रिकाम्या पिकअपच्या दृष्टीने अगदी सर्वसाधारण आहे. पाटे बदलण्याची सूचना मालकांना आधी कोणीतरी केली होती. त्या पाट्यांत काहीच वाईट नाही, हे मिठाच्या गोण्यांनी विनाखर्च सांगितले, आणि गोण्या नंतर त्यांच्याच घरी वापरल्या गेल्या.

आता प्रश्न जागेचा होता. रिकामा हौदा असताना ठोकळ्याला टेकेपर्यंत ३ इंच मोकळी चाल असावी, असे मी धरले. ४०० पौंडांच्या ओझ्याने त्यातला १ इंच गेला तरी २ इंच उरतात आणि त्यानंतर ठोकळा हळूहळू भार घेतो. हाती होते एकूण २ इंच. ट्रक थोडा उंच करणे हा सरळ उपाय होता आणि मी तो आधी सुचवला. मालकांनी तो तितक्याच सरळपणे नाकारला. तेव्हा चासीलाच अर्धचंद्राकृती खाच देणे, ज्याला ‘सी-नॉच’ म्हणतात, हाच मार्ग उरला. हौसिंगच्या बरोबर वर दांड्याची खालची कड गोलाकार कापायची आणि कापलेल्या भागाभोवती आतून-बाहेरून जाड पोलादी पत्र्याची चौकट बसवायची. आम्ही पावणेतीन इंच उंचीची खाच घेतली. त्यामुळे अंतर २ वरून पावणेपाच इंच झाले. त्यात पावणेदोन इंचाचा नवा, फेसासारख्या पॉलियुरेथेनचा ठोकळा बसवला, तरी मोकळी चाल ३ इंच राहते, आणि ठोकळा स्वतः दबून आणखी साधारण १ इंच देतो. एकूण वरची चाल ४ इंच.

खाचेबद्दल येथे थोडे थांबायला हवे, कारण अनेकांना ती केवळ कापाकापी वाटते. भरीव आयताकृती पट्टीची उंची निम्मी केली, तर वाकण्याविरुद्धची तिची ताकद निम्म्यावर नाही, चौथ्या हिश्शावर येते. चासीचा दांडा पन्हाळीसारखा दुमडलेला असल्याने त्याचा हिशोब वेगळा पडतो, तरीही उंची गमावण्याची शिक्षा मोठी असते हे कायमच राहते. म्हणून खाचेची चौकट पाव इंच जाडीची, खाचेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब आणि बोल्टांनी जखडलेली घेतली. नंतर एका परवानाधारक वेल्डरकडून तिच्या कडाही जोडून घेतल्या. याच ट्रकच्या डाव्या बाजूला पेट्रोलची टाकी आहे, आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या दांड्यालगत जातात. त्यामुळे आधी चौघांनी मिळून हौदा उचलून बाजूला ठेवला, टाकी उतरवली, नळ्या सोडवून दूर बांधल्या, बॅटरीची तार काढली, आणि मगच करवत हातात घेतली. जो कारागीर हौदा न उतरवता, गाडीखाली झोपून गॅसच्या ज्योतीने खाच पाडून देतो म्हणेल, त्याला नमस्कार करून परत यावे.

कायद्याचा एक मुद्दा ओघात सांगतो. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या धातूच्या कड्यापेक्षा खाली येता कामा नये, असे कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचे कलम २४००८ कित्येक दशके सांगत असे. याच बंधनातून सुटण्यासाठी रॉन अगिरे यांनी १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानाचे हायड्रॉलिक भाग बसवून ती बटणावर वर-खाली होईल अशी केली होती. ते कलम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाले. आमच्या ट्रकचा प्रश्न तेथवर गेलाच नव्हता. परंतु भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणेच लावला. पुण्यातल्या पिकअपची चासी कापण्याचा सल्ला या लेखातून कोणी काढू नये.

खाली सुटण्याची चालही ठरवायची होती. शॉक सोडून, चासी उचलून धरल्यावर हौसिंग उभ्या अवस्थेपासून साधारण साडेचार इंच खाली लोंबत होते. ही सगळी चाल शॉकला द्यायची म्हटली, तर शॉक इतका लांब लागला असता की दबलेल्या अवस्थेत तो हौद्याच्या तळाला भिडला असता. मी ३ इंचांवर थांबायचे ठरवले आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना विणलेल्या नायलॉनचे आडकाठी पट्टे बसवले, म्हणजे हौसिंगचे वजन शॉकच्या आतल्या थांब्यावर लटकणार नाही. या निर्णयावर माझ्या एका मित्राचा आक्षेप असा होता की खोल खड्ड्यात चाक जमिनीपासून सुटेल. आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. पण ज्या ट्रकचे पोट जमिनीच्या एवढे जवळ आहे, त्याने तसल्या खड्ड्यात जाऊच नये हे अधिक बरोबर आहे.

आता शॉकची लांबी आपोआप निघाली. वरच्या टोकासाठी चासीवर नवी पकड बसवून शॉक ३४ ऐवजी २० अंश कललेला ठेवायचा, असे ठरवले. हौसिंगच्या ४ इंच वरच्या चालीला शॉकमध्ये पावणेचार इंच लागतात, ३ इंच खालच्या चालीला सुमारे २.८ इंच, आणि ठोकळा पूर्ण दबल्यावरही शॉक तळाला लागू नये म्हणून अर्धा इंच राखीव. बेरीज सात इंचांच्या किंचित वर जाते. दबून पावणेबारा आणि ताणून १९ इंच, म्हणजे सव्वासात इंच चालीचा शॉक, उभ्या ट्रकवर दोन डोळ्यांमध्ये बरोबर १६ इंच. कललेल्या अवस्थेत ही उंची १५ इंच होते आणि हौद्याच्या तळापर्यंत १७ इंच उपलब्ध होते. पकडीची जाडी धरून ते जमत होते.

आणि येथेच मालकांच्या यादीतली मोनोट्यूब जोडी बाद झाली. मोनोट्यूब शॉकमध्ये तेल आणि दाबाखालचा वायू एकाच नळीत एकामागे एक असतात. त्यामुळे तेवढ्याच चालीसाठी त्याची नळी लांब लागते. सव्वासात इंच चालीचा जो मोनोट्यूब आम्हाला सापडला, तो दबूनच १३ इंचांचा होता, म्हणजे वरची पकड आणखी सव्वा इंच वर न्यावी लागली असती आणि तेथे हौद्याची आडवी पन्हाळ होती. दुसरी गोष्ट वायूच्या दाबाची. १४ मिलिमीटर जाडीची सळई आणि २५ बार दाब धरला, तर वायू सळईला सुमारे ८६ पौंडांनी बाहेर ढकलतो. इंचाला २०० पौंडांच्या कमानीवर याचा अर्थ ट्रक ०.४ इंच उचलला जाणे. ज्या मालकांनी एक इंच उंची वाढवायला नकार दिला होता, त्यांना ही गोष्ट मी फार आवडीने सांगितली. एरवी मोनोट्यूब हा चांगला शॉक आहे, तापल्यावरही त्याचा दम टिकतो, आणि जागा असती तर मी तोच घेतला असता. पण येथे कमी दाबाच्या वायूचा, एकात एक दोन नळ्यांचा साधा ट्विन-ट्यूब शॉक त्याच लांबीत अधिक चाल देत होता, आणि या ट्रकचे दुखणे चालीच्या टंचाईचे होते.

कडकपणा किती हवा, यावर दुकानांतून ऐकू येणारा सल्ला एकच असतो : खाली घेतली आहे, मग जड घाला. आमच्या बाबतीत तो उलटा ठरला. शॉक कलला, की चाकाशी पोचणारा त्याचा प्रभाव कलाच्या कोसाइनच्या वर्गाने घटतो, कारण शॉकची हालचालही कमी होते आणि त्याच्या जोराचा उभा वाटाही कमी होतो. ३४ अंशांवर तो प्रभाव ०.६९ उरतो, २० अंशांवर ०.८८. म्हणजे तोच शॉक केवळ उभा केल्याने चाकाशी सव्वापटीहून अधिक जोमाने काम करतो. पाटा बदललेला नव्हता, वजन बदललेले नव्हते. तेव्हा झोका आवरण्याची गरजही बदललेली नव्हती. झोका पूर्ण मारून टाकायला जेवढा विरोध लागतो त्याच्या तीन दशांश विरोध धरून मी हिशोब केला, तर सेकंदाला ०.३ मीटर वेगाला दबताना साधारण १०० आणि सुटताना १९५ पौंडांचा शॉक पुरेसा होता. बुटक्या ट्रकांसाठी खास विकल्या जाणाऱ्या तीन-चार जोड्यांपैकी ज्या उत्पादकाने लांबी आणि जोर यांचा तक्ता दिला होता, त्याची, फक्त सुटण्याची बाजू कमी-जास्त करता येणारी जोडी घेतली. दोन्ही बाजू फिरवता येणाऱ्या जोडीचे पैसे मालक द्यायला तयार होते. मीच नको म्हटले, कारण दबण्याच्या बाजूची कळ ज्याच्या हाती असते, तो ती दर रविवारी फिरवत बसतो आणि शेवटी मूळ खूण विसरतो.

शॉक सोडून आणखी एका भागाने आम्हाला दीड दिवस अडकवून ठेवले. ताशी ५५ ते ६० मैलांदरम्यान केबिनच्या फरशीत बारीक थरथर होती, आणि मालक ती टायरची समजत होते. हौसिंग ६ इंच वर गेल्यावर गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे कोन बदललेले असतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, सारख्याच कोनात वाकलेले असतील, तर एकाने निर्माण केलेला चढउतार दुसरा पुसतो. नसतील, तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन झटके चासीत उतरतात. मोजल्यावर गिअरबॉक्सची शेपटी साडेतीन अंश खाली कललेली आणि पिनियनचे, म्हणजे हौसिंगमध्ये शाफ्टला जोडलेल्या दातेरी चाकाचे, नाक ५ अंश वर उचललेले आढळले. जोर घेताना कमान पिळवटून नाक आणखी वर उचलते, हे धरून मला ते ३ अंशांवर हवे होते, तेव्हा कमान आणि हौसिंगची बैठक यांमध्ये २ अंशांची पोलादी पाचर घातली. सगळे आवळून झाल्यावर मोजले तर नाक ७ अंशांवर गेलेले! पाचर उलटी बसली होती. चाकणच्या सवयीने मी तिचे जाड टोक पुढे केले होते, आणि हौसिंग कमानीच्या खाली असताना ते बरोबरही असते; पण येथे हौसिंग कमानीच्या वर चढलेले होते, म्हणून नाक खाली आणायला जाड टोक मागे हवे होते. यू-बोल्ट एकदा पूर्ण ताणून आवळले की ते पुन्हा वापरू नयेत, हा नियम पाळायचा असल्याने माझ्या त्या सवयीची किंमत नव्या चार यू-बोल्टांची झाली आणि ती मीच भरली.

जोडणी करताना वरच्या पकडीची भोके ट्रक स्वतःच्या चाकांवर उभा असतानाच आखली. जॅकवर उचलून धरलेल्या गाडीत हौसिंग लोंबते आणि सगळी मापे चुकीची येतात. कमानीच्या डोळ्यांचे आणि शॉकचे बोल्टही अखेरचे आवळले ते ट्रक जमिनीवर ठेवूनच, नाहीतर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात. ब्रेकची मागची रबरी नळी आणि हातब्रेकची तार पट्ट्यांच्या मर्यादेपर्यंत ताण न घेता पोचते का, ते पाहिले. तार खाचेच्या चौकटीला घासत होती, तेथे रबरी नळीचा तुकडा चढवला. पाचशे मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा चारपैकी दोन अर्ध्या आट्याने आवळले गेले.

नव्या शॉकची सळई उघडी असल्याने तिच्यावर प्लॅस्टिकचा एक बारीक टाय बांधून ठेवला. शॉक जितका दबेल तितका नळी त्याला सरकवते आणि सर्वांत मोठ्या धक्क्याची खूण तेथेच राहते. पहिले दोन आठवडे रिकाम्या हौद्याने, त्याच महामार्गावरून, टाय उभ्या अवस्थेपासून पावणेतीन इंच सरकला. गवताचे यंत्र आणि डबे भरून, शाळेजवळच्या गतिरोधकावरून मालकांनी मुद्दाम थोड्या जास्तच वेगाने नेला, तेव्हा तो साडेतीन इंचांवर गेला. ठोकळ्याने भार घेतल्याचे जाणवले, आवाज आला नाही. त्यापुढे आणखी पाऊण इंच चाल शिल्लक होती. थरथरही गेली. सुटण्याची कळ दहापैकी चौथ्या खुणेवर स्थिरावली आहे.

सगळे निर्दोष झाले असे मात्र नाही. थंड सकाळी डाव्या बाजूचा नायलॉनचा पट्टा बोल्टाशी करकरतो, आणि भरलेल्या हौद्यासह वळणावर ट्रक माझ्या मते अजून थोडा जास्तच झुकतो. मागे अँटी-रोल बार, म्हणजे हा झुकाव आवरणारा आडवा दांडा, घालावा असे मला वाटते. मालकांना अजून तसे वाटत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी आणखी १ इंच खाली घेता येईल का, असे विचारले. मी उत्तर देण्याआधीच ते स्वतः गाडीखाली सरकले, टाय कोठे आहे ते पाहिले, बोटांनी वरची जागा मोजली आणि बाहेर येऊन म्हणाले, "ओझे नसते तर जमले असते." तूर्त पट्ट्याचा बोल्ट बदलायचा आहे, तो पुढच्या तेलबदलाच्या वेळी होईल.